वाचक वाढले; पण कोठून?

प्रकाशकाचा आधार नसलेल्या लेखकाला वाचक मिळत नाहीत, ही ग्रंथव्यवहारातील जुनी समजूत. इंटरनेटने ती खोटी ठरविली; पण त्याच वेळी लेखकापुढे एक नवे कोडे टाकले. वाचक एकाएकी वाढले, तर ते का वाढले याचा उलगडा त्याचा त्यालाच होईनासा झाला.

अमेरिकन लेखक ह्यू हॉवी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुस्तकांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी जुलै २०११ मध्ये ‘वूल’ ही दीर्घकथा ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतःच प्रसिद्ध केली. किंमत अवघी ९९ सेंट. जाहिरातीचा खटाटोप त्यांनी केला नाही. तरीही ऑक्टोबरपर्यंत महिन्याला सुमारे १००० प्रती खपू लागल्या. वाचक पुढील भाग मागू लागले, तेव्हा हॉवी यांनी कथेची मालिका केली. २०१२ मध्ये ‘सायमन अँड शुस्टर’शी छापील आवृत्तीचा करार करताना ई-पुस्तकाचे हक्क मात्र त्यांनी स्वतःकडे राखले.

अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ ही कादंबरी तर लेखकाच्या संकेतस्थळावर क्रमशः, विनामूल्य प्रसिद्ध होत होती. वाचकांच्याच आग्रहावरून ती किंडलवर आली आणि फुकट मिळणारे पुस्तक हजारोंनी पैसे मोजून घेतले!

याचे कारण दुकानाच्या रचनेत आहे. खपणारे पुस्तक यादीत वर चढते. वर चढलेले अधिकांच्या नजरेस पडते. नजरेस पडलेले अधिक खपते. पहिले शे-दोनशे वाचक एकमेकांच्या शिफारशीने येतात. पुढचे हजारो यंत्र आणते. पण हे यंत्र कोणाला केव्हा उचलील, हे लेखकाला ठाऊक नसते.

शिवाय आकड्यामागे माणूस असेलच, याचीही शाश्वती नाही. जुलै २०१५ पासून ‘किंडल अनलिमिटेड’ योजनेत लेखकाला वाचलेल्या पानांच्या हिशेबाने मानधन मिळू लागले. लगोलग न वाचताच पाने ‘वाचली’ गेल्याचे भासविणाऱ्या युक्त्याही निघाल्या. इंटरनेटवरील वर्दळीचा फार मोठा भाग स्वयंचलित यंत्रांचा असतो. तेव्हा आकडा फुगला म्हणून वाचक वाढलेच, असे समजणे धाडसाचे ठरेल.

खरी माहिती असते ती कंपनीपाशी. वाचक कोठून आला, कोणत्या पानावर थांबला, याची नोंद तिच्याकडे होते. लेखकाच्या वाट्याला त्यातील थोडेच येते. ही उणीव जाणवल्यामुळेच हॉवी यांनी २०१४ मध्ये एका सहकाऱ्याच्या साहाय्याने ‘ऑथर अर्निंग्ज’ हा उपक्रम सुरू केला आणि ॲमेझॉनच्या उघड याद्यांवरून खपाचे अंदाज मांडले. हे अंदाज वादग्रस्त ठरले, हे खरे; परंतु लेखकांना आपल्याच पुस्तकांच्या बाजारपेठेविषयी तर्क लढवावे लागावेत, ही स्थितीच पुरेशी बोलकी नव्हे काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. बंगळूरुला २०१४ साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या व्यासपीठांवर आज मराठी कथा-कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या जातात. शाळा किंवा कचेरी सांभाळून लिहिणाऱ्याला तेथे प्रकाशकाची पायरी चढावी लागत नाही, हा मोठाच लाभ होय. धोका आहे तो पुढे. वाढीचे कारण न कळलेला लेखक यशस्वी भागाचेच अनुकरण करू लागतो. कथा संपली तरी भाग संपत नाहीत, आणि लेखणीची सूत्रे नकळत आकड्याच्या हाती जातात.

यावर उपाय दुहेरी हवा. किती जणांनी कथा शेवटपर्यंत वाचली आणि ते कोणत्या वाटेने आले, एवढे तरी लेखकाला सांगणे हे व्यासपीठांचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. रॉयल्टीचा हिशेब मागण्याचा हक्क लेखकाला असतो. वाचनाचा हिशेब मागण्याचा हक्क त्याहून वेगळा नाही. आणि तो मिळेपर्यंत लेखकाने आकड्यापेक्षा पत्रावर भरवसा ठेवावा. कथेतील पात्राविषयी नेमका प्रश्न विचारणारा एक वाचक, दहा हजारांच्या मूक आकड्यापेक्षा लेखकाला अधिक काही शिकवून जातो.