पुनरावर्तनीय ॲनोटेशन्स : एक लेखन, दोन वाचने

ग्रंथाच्या समासात लिहिलेली टीप मूळ मजकुरात कोणताही बदल करीत नाही. परंतु ती वाचणारा तिच्यावरून आपली पुढील कृती ठरवू शकतो. जावा भाषेतील ‘ॲनोटेशन’ हा प्रकार असाच आहे. २००४ साली पाचव्या आवृत्तीबरोबर तो भाषेत आला. क्लास, मेथड इत्यादींच्या घोषणेवर लिहिलेले ॲनोटेशन स्वतः काहीच करीत नाही. ते कोण वाचतो आणि केव्हा वाचतो, यावरच त्याचा परिणाम अवलंबून असतो.

प्रारंभीच्या नियमानुसार एका घोषणेवर एका प्रकारचे ॲनोटेशन एकदाच लिहिता येत असे. अनेक नोंदी हव्या असल्यास त्या ॲरेच्या रूपाने दुसऱ्या एका ‘संग्राहक’ ॲनोटेशनमध्ये ठेवाव्या लागत. मार्च २०१४ मधील आठव्या आवृत्तीने ‘रिपीटेबल’ ही सोय देऊन हे बंधन सैल केले. तथापि संग्राहक नाहीसा झाला नाही. तो लिहिण्याचे काम तेवढे प्रोग्रॅमरकडून कंपाइलरकडे गेले. पुनरावृत्ती केवळ मूळ लेखनात दिसते. कंपाइलरने सिद्ध केलेल्या क्लास-फाइलमध्ये त्या जागी एकच संग्राहक असतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

संग्राहकाची व्याख्या मात्र प्रोग्रॅमरनेच करावयाची असते. त्यात ‘व्हॅल्यू’ नावाचा घटक असावा आणि त्याचा प्रकार मूळ ॲनोटेशनचा ॲरे असावा, ही पहिली अट. दुसरी अट आयुर्मर्यादेची. ॲनोटेशन केवळ मूळ लेखनापुरते, क्लास-फाइलपर्यंत अथवा प्रोग्रॅम चालू असेपर्यंत टिकते. काहीच न सांगितल्यास मधली मर्यादा लागू होते. संग्राहकाचे आयुष्य आतील ॲनोटेशनपेक्षा कमी असता कामा नये, हे उघडच आहे; कारण पात्र फुटल्यावर आतील वस्तू उरत नाही.

आता प्रोग्रॅम चालू असतानाचे वाचन पाहू. समजा, ‘अट’ नावाचे ॲनोटेशन एखादी मेथड वापरण्यासाठी आवश्यक असलेली भूमिका सांगते, आणि तपासणी करणारा भाग ‘गेट-ॲनोटेशन’ ह्या जुन्या मेथडने ते वाचतो. काहीच न सापडल्यास, म्हणजे ‘नल’ आल्यास, मेथड सर्वांना खुली आहे असे तो मानतो. एक अट असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. पुढे सुरक्षितता वाढविण्यासाठी कोणी दुसरी अट लिहिली, की दोन्ही अटी संग्राहकात जातात. जुन्या मेथडला ‘नल’ मिळते आणि दार सताड उघडते. दुसरे कुलूप लावल्याने पहिलेही निघावे, असा हा प्रकार होय. कंपाइलर मात्र कोणताही दोष दाखवीत नाही. उलटपक्षी, केवळ संग्राहकाचाच शोध घेणाऱ्यासही धोका आहे, कारण अट एकच असेल तर संग्राहक निर्माणच होत नाही. ह्यावर उपाय म्हणून आठव्या आवृत्तीत ‘गेट-ॲनोटेशन्स-बाय-टाइप’ ही मेथड देण्यात आली. ती संग्राहकाच्या आतही पाहते आणि नेहमी ॲरे परत करते. नोंद नसल्यास तो रिकामा असतो.

कंपाइल होतानाचे वाचन ‘ॲनोटेशन प्रोसेसर’ करतो. त्याची प्रमाणित रचना २००६ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. आपण कोणती ॲनोटेशन्स हाताळतो हे प्रोसेसरला आधी जाहीर करावे लागते. त्याने केवळ ‘अट’ हे नाव जाहीर केले व त्याच नावाने घटक मागितले, तर दोन अटींच्या मेथड त्याच्या हाती येत नाहीत; त्यांच्यावर संग्राहकाचे नाव असते. म्हणून दोन्ही नावे जाहीर करून दोन्हींचा शोध घेणे अवश्य आहे. २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून अनेक प्रकारांचे घटक एकाच मागणीत मिळविता येतात. हाती आलेल्या घटकावरील नोंदी मोजण्यासाठी येथेही ‘गेट-ॲनोटेशन्स-बाय-टाइप’ याच नावाची मेथड आहे.

सारांश, पुनरावृत्ती ही लेखकाची सोय आहे. तिची जबाबदारी वाचकावर पडते. यास्तव ॲनोटेशन वाचणाऱ्या प्रत्येक भागाची परीक्षा शून्य, एक व दोन अशा तिन्ही स्थितींत घ्यावी. तसेच जेथे अधिकाराचा प्रश्न आहे, तेथे नोंद न सापडणे याचा अर्थ परवानगी नव्हे, नकार असा ठरवावा.