जुना गाभा का जपावा?

लिनक्स म्हटले की हा पंडितांचा विषय, असे समजून पुष्कळजण पाय मागे घेतात. आम्हीही घेतला होता. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. युनियनच्या कचेरीत जे अडले, ते शिकलो. हेही तसेच शिकलो.

पुण्यातील आमच्या कचेरीचा संगणक लिनक्सवर चालतो. सभासदांची नोंद, ग्रॅच्युइटीचे हिशेब, सारे त्यात. एका संध्याकाळी आम्ही नवी आवृत्ती चढविली आणि निर्धास्त घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कामगार न्यायालयात तारीख. सकाळी यंत्र सुरू केले, तो पडदा काळा! तेरा कामगारांचे हिशेब आत आणि आम्ही बाहेर.

झाले होते काय? लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. १९९१ साली, म्हणजे आपल्या पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला त्याच वर्षी, फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो जगापुढे ठेवला. कोणत्या कामाला कोणते यंत्र, किती वेळ द्यायचे, हे ठरविणारा तो मुकादम होय. नवा मुकादम हुशार खरा. पण एखाद्या जुन्या यंत्राशी त्याचे जुळत नाही. आमच्या पडद्याशी जुळले नाही.

परंतु नवा कर्नेल सहसा जुन्याला हुसकून बसत नाही, शेजारी बसतो. ‘बूट’ नावाच्या कप्प्यात दोघेही आपापल्या क्रमांकाने नांदतात. यंत्र सुरू होताना ‘ग्रब’ ही व्यवस्था त्यांची यादी दाखविते. न दिसल्यास एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबून पाहावी. प्रगत पर्यायांतून आम्ही जुना क्रमांक निवडला आणि हिशेब वेळेत छापून निघाले.

मग सगळेच जुने साठवावे काय? नव्हे. कप्पा भरला की पुढची सुधारणाच अडते. फेडोरा मुळात तीनच राखते. शिवाय जुन्यात सुरक्षेची भगदाडे तशीच राहतात; तेथे आसरा घ्यावा, संसार मांडू नये. आणि जुना कर्नेल हरवलेला कागद परत देत नाही. त्याची नक्कल निराळीच हवी.

नव्या करारावर सह्या होईपर्यंत जुना फाडू नका, असे आम्ही गेटसभेत वर्षानुवर्षे सांगत आलो. येथेही तेच. नव्या कर्नेलवर यंत्र सुरू करावे, पडदा, छपाई, इंटरनेट तपासावे, चार दिवस काम करावे. मगच अगदी जुन्याला निरोप द्यावा. आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी सुधारणा चढवू नये, हा धडा मात्र आमचा आम्हालाच!