डाव न्यूयॉर्कचा, तयारी घरची

बुद्धिबळाचा डाव पटावर बसल्यावर सुरू होतो, असे आपण समजतो. जगज्जेतेपदाच्या लढतीत मात्र तो कितीतरी आधी, घरच्या टेबलावर सुरू झालेला असतो. आपल्या विश्वनाथन आनंदला हा धडा फार महाग पडला.

सप्टेंबर १९९५. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा १०७ वा मजला. समोर जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले आणि नववा आनंदने जिंकला! जगज्जेतेपद आता हाकेच्या अंतरावर वाटू लागले.

दहाव्या डावात पांढरी मोहरी कास्पारोव्हकडे होती. सुरुवात झाली ‘रुई लोपेझ’ने. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाने ही सुरुवात ओळखली जाते. आधी राजापुढचे प्यादे, मग घोडा आणि तिसऱ्या चालीला उंट बाहेर काढून काळ्याच्या घोड्यावर रोखायचा. आनंदने घोड्याने पांढरे प्यादे मारून ‘खुला बचाव’ स्वीकारला. सहाव्या डावात याच वाटेने त्याने बरोबरी साधली होती.

तेराव्या चालीपर्यंत सारे तसेच घडले. चौदाव्या चालीला सहाव्या डावात कास्पारोव्हने घोडा हलवला होता. या वेळी त्याने उंट मागे घेतला. पुढे तर कोपऱ्यातला हत्तीही मारायला मोकळा ठेवला! त्याच्या चाली झटपट पडत होत्या. आनंद विचारात बुडाला होता. सतराव्या चालीला त्याच्या वजिराने हत्ती घेतला खरा, पण त्याचा राजा अजून पटाच्या मध्यावर उघडा होता. पांढऱ्याचा वजीर आणि उंट त्याच्यावर तुटून पडले. अडतिसाव्या चालीला डाव संपला.

तो घाव खोल गेला. पुढच्या चार डावांपैकी तीन आनंद हरला आणि अखेर साडेसात विरुद्ध साडेदहा गुणांनी लढतही.

पण कथा इथे संपत नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरी जगज्जेता आनंद व्लादिमीर क्रामनिकसमोर बसला. राजापुढच्या प्याद्याने सुरुवात करणारा म्हणून ओळखला जाणारा आनंद या वेळी वजिरापुढचे प्यादे घेऊन उतरला. काळ्या मोहऱ्यांनी त्याने ‘मेरान’ पद्धतीतली घरून तयार केलेली धारदार वाट धरली आणि तिसरा व पाचवा, दोन्ही डाव जिंकले. लढत त्याने साडेसहा विरुद्ध साडेचार गुणांनी खिशात घातली.

तेरा वर्षांपूर्वी ज्या अस्त्राने तो घायाळ झाला होता, तेच आता त्याच्या हाती होते. आपल्या घरी कुणी मूल पटावर हरून रडवेले झाले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगावी. आणि मग तो हरलेला डाव त्याच्यासोबत पुन्हा मांडून बसावे!