गोल भांड्यावरील लेझर कोरीवकाम : रोटरी जोडणी आणि अक्षरांचे प्रमाण

आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालण्याची रीत मराठी कुटुंबांत जुनी आहे. नाव घालणारा कारागीर एका हाताने भांडे थोडे थोडे फिरवतो आणि दुसऱ्या हाताने अक्षर कोरतो. कुठे किती फिरवायचे हे त्याची नजर ठरवते. व्यवसाय अभ्यासक्रमांत आज या कामासाठी लेझर यंत्रे वापरली जातात. सपाट पाटीवरचे काम विद्यार्थी लवकर शिकतो. पेला, बाटली वा चषक समोर आला की तो अडखळतो. यंत्राला नजर नसते, त्याला आकडा लागतो. तो आकडा कोणता व कसा काढायचा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

१. रोटरी कशासाठी?

सपाट यंत्रात किरणाचे शीर्ष डावी-उजवीकडे व मागे-पुढे सरकते आणि भिंगापासून पृष्ठभागाचे अंतर कायम राहते. गोल वस्तूवर ते राहत नाही. ७० मि.मी. व्यासाचा पेला आडवा ठेवला, तर माथ्यापासून १० मि.मी. बाजूला पृष्ठभाग सुमारे दीड मि.मी. खाली जातो आणि २० मि.मी. बाजूला सव्वासहा मि.मी. खाली जातो. तेथे किरण एका बिंदूवर एकवटत नाही. रेषा जाड व फिकट होते. रोटरी जोडल्यावर शीर्ष पेल्याच्या लांबीच्या दिशेनेच धावते आणि मागे-पुढे सरकण्याऐवजी पेला स्वतः फिरतो. किरण नेहमी माथ्याच्या रेषेवरच पडतो.

२. रोलर आणि चक

रोटरीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात वस्तू दोन रोलरांवर ठेवतात व रोलर फिरले की ती फिरते. दुसऱ्यात चकच्या जबड्यांत वस्तूचे टोक पकडून ती फिरवतात. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे आणि बहुतेक चुका येथेच होतात.

रोलरचा पृष्ठभाग १ मि.मी. सरकला की वस्तूचा पृष्ठभागही १ मि.मी. सरकतो, मग वस्तू लहान असो वा मोठी. म्हणून येथे रोलरचा परीघ महत्त्वाचा आहे. रोलरचा व्यास २१ मि.मी. असेल, तर परीघ ६६ मि.मी. होतो. मोटारीच्या एका फेऱ्यास ३२०० पल्स लागत असतील आणि मोटार रोलरला थेट जोडलेली असेल, तर दर मि.मी.ला सुमारे ४८.५ पल्स. वस्तू बदलली तरी हा आकडा बदलत नाही.

चकमध्ये मात्र कोन ठरलेला असतो. ७० मि.मी. व्यासाच्या पेल्याचा परीघ २२० मि.मी.; त्यावर ४४ मि.मी. रुंदीचे नाव म्हणजे एक पंचमांश फेरा. तोच आकडा ठेवून ८४ मि.मी. व्यासाचा पेला लावला, तर त्याचा परीघ २६४ मि.मी. असल्याने एक पंचमांश फेऱ्यात नाव ५२.८ मि.मी. पसरते. म्हणजे चकवर प्रत्येक नव्या वस्तूचा व्यास नव्याने भरावा लागतो. व्यास मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे कागदाची पट्टी वस्तूभोवती गुंडाळून परीघ मोजणे व त्याला २२/७ ने भागणे.

तोंडाशी रुंद व बुडाशी निमुळता पेला रोलरवर तिरका सरकत जातो. त्यास चक बरा. तेथेही माथ्याची रेषा समपातळीत येईल असा उतार द्यावा आणि मजकूर अरुंद पट्ट्यातच बसवावा, कारण तोंडाकडील अक्षरे बुडाकडील अक्षरांपेक्षा रुंद येतात. कानाचा कप रोलरवर अडतो. त्यासही चकच हवा.

३. अक्षरांची कसोटी

इंग्रजी मोठ्या लिपीतील नाव वीस टक्के पसरले तरी पुष्कळदा खपून जाते. नस्तालीकमध्ये ते खपत नाही. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. ९४०) याने अक्षरांचे प्रमाण कलमाच्या नुक्त्यावरून बांधले, पुढे नस्तालीकचे कातिबही नुक्त्यानेच अक्षर मोजत आले. रुंदी वाढली की नुक्ता चपटा होतो, उजवीकडून डावीकडे उतरणारा ढाळ सपाट होतो आणि जाणत्या वाचकाला दोष लगेच दिसतो. देवनागरीत तो गोलाईच्या अक्षरांत दिसतो.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी वस्तूवर कागदी चिकटपट्टी लावून, कमी शक्तीवर २० मि.मी.चा चौरस उमटवावा व मोजावा. लांबी २० आणि परिघाच्या दिशेने २४ आली, तर व्यासाचा आकडा चुकला आहे.

दुसरी अडचण लिपीची आहे. काही लेझर प्रणालींत उर्दू अक्षरे सुटी व उलट क्रमाने येतात. देवनागरीत जोडाक्षर फुटते, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते. ज्या प्रणालीत मजकूर टंकित केला, तेथेच त्याचे रेषाकृतीत रूपांतर करून मग तो यंत्राकडे द्यावा. शेवटचे वाचन भाषेच्या शिक्षकाने करावे. कागदावरची चूक खोडता येते, भांड्यावरची येत नाही; आणि भांडे गिऱ्हाइकाचे असते.

४. दक्षता

रोटरीची तार जोडताना वा काढताना यंत्राची वीज बंद असावी, अन्यथा मोटारीचे नियंत्रक जळू शकते. रोटरीला सहसा लिमिट स्विच नसतो. म्हणून सुरुवातीच्या स्थानी परतण्याची त्या अक्षाची आज्ञा बंद ठेवावी, नाहीतर वस्तू फिरतच राहते. रोलरवर वेग झटक्याने वाढवल्यास वस्तू घसरते. कार्बन डायऑक्साइड लेझरने उघड्या स्टीलवर सहसा खूण उमटत नाही. त्यासाठी फायबर लेझर वा विशेष लेप लागतो. रंगाचा थर दिलेल्या बाटलीवर व काचेवर तो चालतो. पीव्हीसीवर लेझर कधीही चालवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. झाकण बंद, धूर बाहेर आणि माणूस जवळ, हे तीन नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेले असावेत.

परीघ आणि व्यास विद्यार्थी शाळेत शिकलेला असतोच. त्या पाठाचा उपयोग येथे हातात येतो. गणित, भाषा व कार्यशाळा या तिन्ही विभागांच्या शिक्षकांनी हा घटक मिळून शिकवला, तर विद्यार्थी केवळ बटण दाबणारा न राहता गिऱ्हाइकाचे भांडे विश्वासाने हाती घेणारा कारागीर होईल.