मसल कार घ्यायचीय, पण बजेट २५ हजार डॉलर? मग चार्जरच्या मागे धावण्याआधी हे वाचा

१० जानेवारी २०२०. फ्लोरिडातल्या किसिमी गावात एका लिलावात हिरव्या रंगाची, जागोजागी रंग उडालेली एक जुनी फोर्ड मस्टँग स्टेजवर आली. बोली थांबली ती ३४ लाख डॉलरवर. लिलाव कंपनीचं कमिशन धरून आकडा गेला ३७ लाख ४० हजार डॉलरवर.

ही गाडी म्हणजे १९६८ च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीननं सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर पळवलेली मस्टँग जीटी. गंमत अशी की १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं ती काही हजार डॉलरला घेतली होती, आणि घरातली बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही.

अशा बातम्या वाचल्या की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे अशी गाडी आपल्याकडेही असावी असं वाटायला लागतं. आणि दुसरी म्हणजे, हे आपल्या आवाक्यातलं काम नाही असं वाटून माणूस गप्प बसतो. यातली दुसरी गोष्ट खरी नाही. अमेरिकेत आजही २५ हजार डॉलरच्या आत चालती-फिरती क्लासिक मसल कार मिळते. फक्त पोस्टरवरची गाडी मिळत नाही. आणि चुकीची गाडी मिळायला मात्र २५ हजारसुद्धा लागत नाहीत, दहा हजारांतच काम होतं.

आधी मसल कार म्हणजे काय ते बघू.

१९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं की कंपनीच्या ब्रँड्सनी रेसिंगच्या भानगडीत पडायचं नाही. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असाही नियम होता. पॉन्टियाकमधल्या जॉन डेलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. मोठं इंजिन बसवलेली नवी गाडी काढायला वरची परवानगी लागत होती, पण आधीच्या गाडीवर 'ऑप्शन' द्यायला लागत नव्हती. मग टेम्पेस्ट लमान्स या साध्या गाडीत ३८९ घन इंचाचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि ऑप्शनला नाव दिलं जीटीओ. ३८९ घन इंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर. आपल्याकडच्या स्विफ्टचं इंजिन १.२ लिटरचं असतं, यावरून अंदाज लावा. ताकद ३२५ हॉर्सपॉवर. पहिल्या वर्षी ५ हजार गाड्या खपतील असा हिशोब होता, खपल्या ३२ हजारांहून जास्त.

म्हणजे सूत्र सोपं होतं. घरगुती गाडी, त्यात राक्षसी इंजिन, आणि किंमत पोरांना परवडेल अशी. त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये फोर्डनं मस्टँग आणली, २,३६८ डॉलरला. मस्टँग, कॅमारो या जरा छोट्या गाड्यांना जाणकार लोक 'पोनी कार' म्हणतात आणि मसल कारमध्ये धरत नाहीत. या वादात पडण्यात अर्थ नाही. पहिली गाडी घेणाऱ्यासाठी हा सगळा एकच बाजार आहे.

हा खेळ फार वर्षं चालला नाही. तरुण पोरं या गाड्या ठोकायला लागल्यावर विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टनं धुराचे नियम कडक केले. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जेमतेम दहा वर्षांचा काळ, आणि आज लोक जीव टाकतात ते याच दहा वर्षांच्या गाड्यांवर.

आता बजेटचा विषय. इथे पहिली अडचण सिनेमाची आहे. 'फास्ट अँड फ्युरियस'मधली १९७० ची डॉज चार्जर, 'जॉन विक'मधली १९६९ ची मस्टँग, हेच सगळ्यांना हवं असतं. म्हणून त्याच महाग. पण त्याच कंपनीची, त्याच सांगाड्यावरची, त्याच इंजिनाची दुसरी गाडी निम्म्या पैशांत उभी असते.

मस्टँगचंच घ्या. १९६६ साली फोर्डनं मागचं छत उतरतं असलेली फास्टबॅक बनवली साधारण ३५ हजार, आणि साधी दोन दारांची कूपे बनवली जवळपास ५ लाख. खालचं लोखंड तेच, इंजिनं तीच. किमतीत मात्र फास्टबॅक दुपटीच्या आसपास जाते. छताच्या वळणाचे पैसे आहेत ते. कूपेचा अजून एक फायदा असा की तिचा स्क्रूपासून दारापर्यंत प्रत्येक भाग आजही नवा बनवून विकला जातो. पहिल्यांदा जुनी गाडी सांभाळणाऱ्यासाठी हे फार मोठं सुख आहे, कारण काहीतरी तुटणारच असतं.

मस्टँगचीच चुलत बहीण म्हणजे मर्क्युरी कूगर. १९६७ ला आली. खाली मस्टँगचाच सांगाडा, फक्त थोडा लांब. पहिल्या वर्षी सगळ्याच कूगरमध्ये व्ही-८ होतं, आतलं सामान मस्टँगपेक्षा भारी, आणि मागचे इंडिकेटर एकापाठोपाठ एक पेटत जातात. तरीही तिच्या नावाचा गाजावाजा कमी, म्हणून भाव कमी. एक गोष्ट तपासायची. तिचे हेडलाइट जाळीच्या मागे लपलेले असतात आणि ते झाकण इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतं. नळ्या जुन्या झाल्या की गाडी पेंगल्यासारखी एक डोळा अर्धा उघडून उभी दिसते. दुरुस्ती अवघड नाही, पण किंमत पाडून मागायला चांगलं कारण आहे.

कॅमारो परवडत नसेल तर शेव्हरोले नोव्हा बघावी. १९६८ ते १९७४ च्या नोव्हाचा पुढचा सांगाडा कॅमारोच्या घराण्यातलाच आहे, त्यामुळे ब्रेकपासून इंजिनपर्यंत बरंच सामान एकमेकांत चालतं. डॉज-प्लिमथवाल्यांसाठी डॉज डार्ट आणि १९७० ला आलेली प्लिमथ डस्टर आहेत. ३४० इंजिनवाली डस्टर महाग झालीय, पण ३१८ व्ही-८ वाली अजून हाताशी लागते. सहा सिलिंडरचं २२५ 'स्लँट सिक्स' असेल तर वेग विसरा, मात्र ते इंजिन दणकट म्हणून प्रसिद्ध आहे. एएमसी जॅव्हलिन दिसायला झकास आणि तुलनेनं स्वस्त आहे, पण कंपनीच उरली नाही, त्यामुळे दाराचं एखादं हँडल शोधण्यातही महिने जाऊ शकतात. पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये.

१९७२ नंतरच्या गाड्यांबद्दल एक गैरसमज आहे आणि तो बजेटवाल्यांच्या फायद्याचा आहे. कागदावर त्यांची ताकद एकदम घसरलेली दिसते. पण आधी कंपन्या इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर वगैरे न लावता ताकद मोजायच्या. १९७२ पासून ते सगळं जोडून मोजायला लागल्या. १९७१ च्या कॉर्व्हेटचं साधं ३५० इंजिन जुन्या पद्धतीनं २७० हॉर्सपॉवरचं होतं, नव्या पद्धतीनं तेच इंजिन २१० चं भरलं. १९७२ मध्ये आकडा २०० झाला. म्हणजे ७० ची घसरण दिसते त्यातली खरी फक्त १० ची. बरेच लोक आजही कागदावरचा आकडा बघून पुढे जातात, तेव्हा १९७२-७३ च्या गाड्या बघायला हरकत नाही.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धुराची तपासणी माफ आहे, १९७६ पासून पुढच्यांना नाही.

मॉडेल ठरलं की खरी लढाई सुरू होते, आणि ती गंजाशी असते. इंजिन बिघडलं तर दुसरं बसतं. गिअरबॉक्स आठवड्यात बदलून होतो. पण गंज सांगाड्यात शिरला की गाडी कापून जोडावी लागते, आणि अमेरिकेत मजुरी तासावर मोजतात. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून लोखंड खातं. म्हणून ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा कोरड्या राज्यांतल्या गाड्यांना मागणी असते. तिथल्या उन्हानं डॅशबोर्ड तडकलेला असतो, सीट फाटलेल्या असतात, रबर वाळलेलं असतं. असू द्या. सीट शिवून मिळतात.

१९६५ ते ६८ च्या मस्टँगची एक खास दुखरी जागा आहे. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, हवा आत घेणारी जाळी असते. तिच्या खालचा पत्रा आतून गंजतो आणि पाणी थेट पायाशी गळतं. तपासायची पद्धत अगदी गावठी आहे. मालकाला विचारून त्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि आतल्या कार्पेटखाली हात घालून बघायचा. ओलं लागलं तर समजायचं की दुरुस्तीसाठी पुढचा भाग उतरवून, वेल्डिंगचे टाके ड्रिलनं काढून, पत्रा बदलून पुन्हा वेल्ड करावं लागणार. छतावर रेग्झिनसारखं व्हायनिल चिकटवलेलं असेल तर त्याच्याखाली फुगवटे आहेत का ते बोटांनी चाचपून बघायचं. चाकांवरच्या पत्र्यावर कापडात गुंडाळलेला चुंबक फिरवायचा. तो चिकटत नसेल तिथे लोखंड नाही, लांबी भरलेली आहे.

म्हणूनच चकचकीत नवा रंग दिसला की खूश व्हायचं नाही, सावध व्हायचं. आणि '८ हजार डॉलर, थोडंच काम बाकी' अशी जाहिरात दिसली तर त्याहून सावध व्हायचं. चांगल्या दुकानात नुसता रंगच १० हजार डॉलरच्या पुढे जातो. क्रोम, सीट, वायरिंग धरलं तर अर्धवट गाडी पूर्ण करण्याचा खर्च तयार गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दुसऱ्यानं पैसे घालून पूर्ण केलेली आणि आता तोट्यात विकायला काढलेली गाडी मिळाली, तर ती बजेटवाल्याची लॉटरी.

पुढचा सापळा बिल्ल्यांचा. १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये ४५४ घन इंचाचं, ४५० हॉर्सपॉवरचं एलएस-६ इंजिन मिळायचं. अशा गाड्या बनल्या साडेचार हजारांच्या आसपास. आज बाजारात फिरणाऱ्या 'एलएस-६' मोजल्या तर बहुतेक त्यांना पिल्लं झाली असावीत असं वाटेल. साध्या शेव्हेलला बिल्ला लावला की झाली एसएस, कारण १९६९ ते ७२ च्या शेव्हेलच्या चॅसी नंबरवरून ती एसएस आहे की नाही हे कळतच नाही, कारखान्याचा मूळ कागद लागतो. पॉन्टियाकचं तसं नाही. १९६६ ते ७१ च्या जीटीओच्या नंबरची सुरुवात २४२ नं होते. त्याआधीच्या दोन वर्षांसाठी पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कागद मागवता येतो. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. नक्कल असण्यात काही पाप नाही, चालवायला तीही तितकीच मजेदार असते. फक्त नकलेला नकलेचाच भाव द्यायचा.

१९६५-६६ च्या मस्टँगमध्ये ही तपासणी पैशांची राहत नाही, जिवाची होते. चॅसी नंबरचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. 'टी' असेल तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली. 'सी' किंवा 'ए' असेल तर २८९ व्ही-८. आता पाचवं अक्षर 'टी' आहे आणि बॉनेटखाली व्ही-८ आहे, तर खाली वाकून चाकाचे बोल्ट मोजायचे. सहा सिलिंडरवाल्या मस्टँगला चार बोल्ट असायचे, व्ही-८ वालीला पाच. चारच दिसले तर कुणीतरी जादा ताकद बसवलीय, पण ब्रेक, ॲक्सल आणि सस्पेन्शन हलक्या इंजिनाचंच ठेवलंय.

ब्रेकचं तर अजून एक आहे. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच सर्किट होतं. एका जागी ऑइल गळलं की पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. १९६७ पासून दोन वेगळी सर्किट आली. जुनी गाडी घेतली तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक हा पहिला खर्च, मोठी चाकं आणि स्टिरिओ त्यानंतर. सीटबेल्टही त्या काळी नुसते कमरेचे. खांद्याचे पट्टे बसवून घेता येतात, पण लहान मुलांना रोज शाळेत सोडायला ही गाडी नाही हे घरात आधीच स्पष्ट केलेलं बरं.

पेट्रोलचा खर्च ऐकून घाबरायचं कारण नाही. व्ही-८ लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, पण महिन्यात फिरणार किती? आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या खराब होतात, त्या पहिल्याच महिन्यात बदलून टाकायच्या. स्वस्त काम आहे आणि आग टळते. विमा मात्र नेहमीचा घ्यायचा नाही. क्लासिक गाड्यांचा विमा वेगळा असतो, त्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिली जाते. नेहमीच्या विम्यात ६० वर्षांची गाडी म्हणजे भंगार असा हिशोब होऊ शकतो. क्लासिक विम्याची अट साधारण अशी असते की रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी आणि ही बंद गॅरेजमध्ये हवी. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये दोन गाड्यांचं गॅरेज असलेल्या मराठी घरात प्रश्न बहुतेक गॅरेजचा नसतो, तिथे रचलेल्या खोक्यांचा असतो.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवायचं की इंजिन चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. गरम लागलं तर कारण विचारायचं, कारण थंड इंजिन सुरू होताना जे आवाज आणि जो निळा धूर येतो, तो दहा मिनिटांनी दिसेलच असं नाही. चालवताना रेडिओ बंद. मोकळ्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढतेय का बघायचं. परत आल्यावर टायटलवरचा नंबर काढायचा आणि गाडीवरच्या नंबराशी एक-एक अक्षर लावून बघायचा, नाव विकणाऱ्याचंच आहे ना तेही. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत.