अतिदक्षता विभागातील रुग्ण आणि बिंदुदाब

अतिदक्षता विभागात प्राणरक्षणाची सर्व साधने एकवटलेली असतात; स्वस्थता मात्र दुर्मिळ असते. श्वासनलिकेतील नळी, यंत्रांचा अखंड नाद, तुटक झोप आणि भय यांनी रुग्ण व्याकूळ होतो. त्यास गुंगी आणणारी औषधे द्यावी लागतात. परंतु गुंगी अधिक झाल्यास कृत्रिम श्वसन लांबते आणि काही औषधांनी बुद्धिभ्रमाचाही संभव वाढतो. यास्तव औषधाविना आराम देणाऱ्या उपायांकडे लक्ष वळले आहे. बिंदुदाब, म्हणजेच ॲक्युप्रेशर, हा त्यांपैकी एक होय.

या चिनी पद्धतीत सुईऐवजी बोटाने ठरावीक स्थळी दाब देतात. सर्वाधिक अभ्यासलेले स्थळ मनगटाच्या आतील घडीपासून कोपराच्या दिशेने सुमारे तीन बोटांवर, दोन कंडरांच्या मध्ये आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या स्थळाच्या उत्तेजनाचा उपयोग होतो काय, याचा विचार २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत ५९ चाचण्यांच्या आधारे झाला. त्यांत सुई व विद्युत्प्रवाह यांचे प्रयोगही होते. नकली उपचाराच्या तुलनेत मळमळ व वांती कमी आढळल्या. तथापि पुरावा उच्च प्रतीचा नव्हता. झोपेच्या बाबतीत चित्र याहून फिके आहे. अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यक संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने झोपेसाठी बिंदुदाब वापरू नये असे सुचविले. तिने रात्री कानांत बोळे व डोळ्यांवर पट्टी आणि वेदनेसाठी मर्दन यांस मात्र अनुकूलता दर्शविली.

हा विवेक हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात विशेष अगत्याचा आहे. वसमतच्या हळदीच्या रानात किंवा सेनगावच्या सोयाबीनमध्ये राबणाऱ्यास घोणस चावली, तर तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी अंग जोराने दाबल्यास त्वचेखाली रक्त साकळू शकते. कीटकनाशकाच्या विषबाधेत तर वांती हे विषाचेच लक्षण असते. तेथे मनगट दाबीत बसणे म्हणजे उपचाराचा मोलाचा वेळ दवडणे होय. पहिल्यास प्रतिविष आणि दुसऱ्यास ॲट्रोपीन वेळेवर मिळणे, हेच खरे प्राणदान.

यावरून मर्यादा स्पष्ट होते. डॉक्टरांच्या अनुमतीने, सलाइनची सुई, जखम वा सूज नसलेल्या जागी, रुग्णास सोसेल इतकाच हलका दाब द्यावा. बिंदुदाब उपचाराची जागा घेऊ शकत नाही. परंतु स्थिर झालेल्या रुग्णाच्या हातावर ओळखीचा हात ठेवण्याचे निमित्त त्याने मिळाले, तर तेही थोडे नव्हे.