पहिला कॅमेरा : पैसे बॉडीत की लेन्समध्ये?

बडोद्याहून एका ताईंनी विचारलंय, "काका, आजी नव्वदीची आहे. तिचे घरातले फोटो काढायचेत. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार. काय घेऊ?"

ताई, बॉडी जुनी चालेल, पैसे लेन्सवर घाला. बॉडीबरोबर येणारी १८-५५ लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. देवघरात जिथे शटर १/१० सेकंदावर अडकतं, तिथे जवळपास १/१०० मिळतं. वाती वळणारे आजीचे हात हलले तरी फोटो फारसा पुसट होत नाही. फ्लॅश मला तरी नकोच. सुरकुत्या सपाट करून टाकतो.

५० मिमी स्वस्त असते, पण निकॉनच्या लहान सेन्सरवर ती ७५ सारखी दिसते. स्वयंपाकघरात मागे सरकाल तर पाठ भिंतीला लागेल. ३५ मिमी घ्या.

आता खरी मेख. निकॉन डी३३००, डी५३०० या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स लावलीत तर फोकस हातानेच करावा लागेल. दुकानदार हे सांगेलच असं नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं बघा.

फौजेत रायफल हाती आली की आधी झिरो करायचो, पॉलिश नंतर. तसंच इथे. लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, परत द्या. स्वतःचं कार्ड न्या, दुकानातच, दिवे कमी असतील त्या कोपऱ्यात, वीसेक फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघून मगच पैसे द्या.